ज्याची लाट त्याची

“वजन?” ह्यांनी विचारलं.

“सहासष्ट,” नणंद म्हणाली.

कानावरची पेन्सिल काढून ह्यांनी फोमच्या ठोकळ्यावर टेकवली होती, ती तशीच राहिली. मी दारात चहाचे पेले घेऊन उभी होते. नणंदेचं वजन सहासष्ट असेल तर माझं वय अठ्ठावीस म्हणायला काहीच हरकत नाही. पण बहीण-भाऊ बोलत असताना मध्ये तोंड घालू नये एवढं शहाणपण मला संसारानं शिकवलं आहे. मी अळीमिळी गुपचिळी केली आणि पेले खिडकीत ठेवले.

घरामागच्या या शेडमध्ये हे सर्फबोर्ड बनवतात. फोमचा ठोकळा रंध्यानं तासायचा, घासायचा, मग त्यावर काचेचं कापड आणि रेझिन चढवायचं. पांढरी भुकटी इतकी उडते, की संध्याकाळी घरात येताना हे आधी भुवया झटकतात. पुढच्या बाजूचं दुकान मी बघते. घोट्याच्या वर पाण्यात मी कधी गेले नाही आणि जाणारही नाही, पण इतकी वर्षं गिऱ्हाइकांची बडबड ऐकून फळ्यांतलं थोडंफार मलाही कळायला लागलं आहे.

नणंदेचं तसं नाही. ती शाळेत असल्यापासून लाटांवर आहे. पहाटे समुद्र आणि दिवसा हॉस्पिटलची लाँड्री, एवढंच तिचं आयुष्य. वॉर्डांतल्या चादरींची गाठोडी काट्यावर तोलून घ्यायची, मशिनी लावायच्या, वाळलेलं मोजून परत द्यायचं. लग्न केलं नाही. कोणी विचारलंच तर म्हणायची, “पहाटे अंथरुणात नसलेली बायको कुणाला चालते?” दिसायला चारचौघींसारखी, बोलायला फटकळ. पण पाण्यात तिला बघितलेली माणसं अजून माझ्या दुकानात येऊन तिच्याबद्दल बोलतात, आणि मी शेजारीच उभी आहे हे विसरून जातात.

गेल्या वर्षी तिच्या मानेचं ऑपरेशन झालं. दोन मणके पट्टी घालून जोडले. डॉक्टरांनी सांगितलं, की पोटावर झोपून मान वर उचलायची नाही, कधीच नाही. सर्फिंग करणारा माणूस पोटावर झोपूनच हातांनी वल्हवत लाटांपर्यंत जातो, सगळा वेळ मान वर ठेवून. म्हणजे तिचं ते सर्फिंग संपलं. मान ताठ झाली, असं ती हसत सांगायची. तशी ती आधीही फार वाकणारी नव्हती म्हणा.

उरला एकच मार्ग, पॅडलबोर्ड. फळीवर सरळ उभं राहायचं, हातात लांब वल्हं घ्यायचं आणि उभ्या-उभ्याच लाट पकडायची. खूप गयावया केल्यावर डॉक्टरांनी एवढी सूट दिली होती, तीही खोल पाण्यात आणि बेताच्या लाटांत. आपटायचं मात्र नाही, असं त्यांनी पुन्हापुन्हा बजावलं. गंमत अशी, की पॅडलबोर्डवाल्यांना ‘झाडूवाले’ हे नाव इथल्या समुद्रावर आमच्या नणंदबाईंनीच पाडलं होतं. वल्हं घेऊन पाणी झाडत येतात म्हणून. आता झाडू तिच्याच हातात यायची वेळ आली होती.

“आठ फुटांच्या आत बसव,” ती ह्यांना सांगत होती. “रुंदी अठ्ठावीस इंच. शेपूट निमुळती. नव्वद लिटर पुष्कळ झाले.”

बोर्डाचं माप लिटरमध्येही सांगतात. फळी किती भार तरंगवेल ते त्यावरून कळतं. ह्यांनी चहाचा घोट घेतला आणि सावकाश म्हणाले, की नव्वदात ती घोट्यापर्यंत बुडून उभी राहील. निदान एकशेतीस हवेत आणि रुंदी बत्तीस.

“बत्तीस? दादा, दार आहे का ते? त्यावर लाटेत वळता तरी येईल का?”

“वळता येईल, जरा सावकाश.”

“मी काय नवशिकी आहे?”

ह्यांनी पेला खाली ठेवला. तिला पहिल्यांदा पाण्यात ह्यांनीच नेलं होतं, आणि दोनच वर्षांत ती ह्यांच्या कितीतरी पुढे निघून गेली होती. त्याचा ह्यांना अभिमान आहे आणि थोडी भीतीही. लाटांच्या बाबतीत धाकटीला काही सांगायची वेळ आली, की ह्यांची जीभ टाळ्याला चिकटते. तरी एकदा म्हणालेच, “चालत्या सायकलवर तोल कुणीही सांभाळतं गं. हिच्यावर तुला थांबून उभं राहायचंय.” तिनं ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. ह्यांनी नव्वद लिटरची फळी करायला घेतली.

रात्री जेवताना मी म्हटलं, की डोळ्यांना दिसत असताना खोटं वजन का धरलंत? तर म्हणाले, “तिनं सांगितलं तेच धरणार. तिचा बोर्ड आहे.” नाकापेक्षा मोती जड, दुसरं काय. पण ह्यांची भाकरी ताटात तशीच राहिली होती.

फळी सुंदर झाली, हे मला कबूल करायलाच हवं. फिकट निळी, निमुळती, हात फिरवत राहावं अशी. नणंदेनं ती काखेत मारली आणि आम्ही तिघं किनाऱ्यावर गेलो. त्या दिवशी लाटा नव्हत्याच. समुद्र थाळीत ओतलेल्या पाण्यासारखा पडून होता. ह्यांना बरं वाटलं, की चला, पहिला दिवस निवांत जाईल.

ती गुडघ्यांवर बसून आत गेली, उभी राहिली आणि पडली. पुन्हा उभी राहिली, पुन्हा पडली. फळी तिच्या पायांखाली पाण्यात जायची, डावीकडे कलायची, ती उजवीकडे भार टाकायची, तोवर फळी उजवीकडे कललेली असायची. लाट असती तर तिनं कुणाला बोलायला जागा ठेवली नसती, कारण लाटेवर फळीला वेग असतो आणि वेगात तिला सगळं येतं. पण सपाट पाण्यात नुसतं उभं राहणं तिनं उभ्या आयुष्यात केलं नव्हतं. वाळूवर फिरायला आलेली दोन-तीन माणसं थांबून बघायला लागली. ओळखीचीच होती. मला तिथून उठून जावंसं वाटलं.

शेवटी ती मागच्या मागे पडली, पाठ सपाट पाण्यावर आपटली आणि मान झटक्यानं मागे गेली. बाहेर आली ती पांढऱ्याफटक चेहऱ्यानं. म्हणाली, थंडी फार आहे. घरी मी चहा दिला, तर तिनं पेला दोन्ही हातांनी धरला. तरी उजव्या हाताची शेवटची दोन बोटं पेल्याला टेकत नव्हती, वेगळीच राहिली होती.

“बोटांना काय झालं?” मी विचारलं.

“काही नाही. मुंग्या आल्यात.”

ह्यांनी ते ऐकलं आणि उठून शेडमध्ये गेले. भावाला भीती वाटली की तो रंधा शोधायला जातो. मग मीच तोंड उघडलं. म्हटलं, “वन्सं, एक विचारू का?” एरवी मी तिला नावानं हाक मारते. वन्सं म्हटलं की भांडण आहे, हे तिला माहीत असतं. मी विचारलं, की तू एका लाटेवर किती वेळ असतेस? ती म्हणाली, चांगली असेल तर वीस सेकंद. मग बाकीचा तास काय करतेस?

“वाट बघते.”

“फळी त्या वीस सेकंदांची घेतलीस तू. तासाची कुठाय?”

घोट्याच्या वर पाण्यात न गेलेल्या बाईनं हे बोलावं, याचा तिला राग आला असणार, आणि तो बरोबरच होता. तिनं चहा तसाच ठेवला. जाताना एवढंच म्हणाली, “वहिनी, मला माहीत नाही असं वाटतं का तुला? मी मोठ्या फळीवर उभी राहिले ना, की लोकांना कळेल.” काय कळेल ते तिनं सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती.

मग ती आमच्याकडे फिरकलीच नाही. निळी फळी शेडमध्ये भिंतीकडे तोंड करून उभी होती. हे रोज तिच्यावरून कापड फिरवायचे. फोनवर नणंद दोन शब्दांत उत्तरं द्यायची. बोटांच्या मुंग्या गेल्या हे मला तिच्या डॉक्टरांकडून कळलं, तेही मी निर्लज्जासारखं विचारलं म्हणून. डॉक्टर म्हणाले, “या वेळी गेल्या. दर वेळी जातीलच असं नाही.” सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं मी तिच्याबद्दल बोलत होते खरी, पण सकाळी पाच वाजता जाग आली की मला आधी तीच आठवायची. ज्या बाईनं इतकी वर्षं ही वेळ समुद्रात काढली, ती आता त्या वेळी घरात काय करत असेल?

एके दिवशी दुपारी ती लाँड्रीच्या कपड्यांतच थेट शेडमध्ये आली. मी मागोमाग गेले, कारण माझ्याच्यानं राहवेना.

“शहात्तर,” ती म्हणाली.

ह्यांना काही कळेना. तिनं सांगितलं, की दुपारी गाठोडी तोलून झाल्यावर ती स्वतःच काट्यावर चढली होती. समोर नोंदी घेणारा नवीन माणूस वहीतून डोकं वर न काढता म्हणाला, “शहात्तर. कुठल्या वॉर्डचं लिहू?” हे सांगताना ती हसली, मग आम्हीही हसलो, आणि हसता हसता तिचा चेहरा असा झाला की मी खिडकीबाहेर बघायला लागले.

“पाण्यातला रबरी सूट भिजलेला धरून ऐंशी धर,” ती ह्यांना म्हणाली. “बत्तीस तर बत्तीस. शेपूट पण रुंद ठेव. मला पडायचं नाहीये, दादा. मला नुसतं तिथे असायचंय.”

ह्यांनी कानावरची पेन्सिल काढली. त्यानंतर रोज कामावरून सुटल्यावर ती शेडमध्ये यायची. दोघं जण एका फळीच्या दोन बाजूंनी सँडपेपर फिरवत बसायचे. बोलणं फारसं व्हायचं नाही. कधी ती म्हणायची, इथे अजून थोडं घे, आणि हे घ्यायचे. कधी हे म्हणायचे, नको, इथे जाड राहू दे, आणि ती राहू द्यायची. या घरात मी आले तेव्हापासून तिनं ह्यांचं इतकं कधीच ऐकलं नव्हतं. मला ते बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

नवी फळी रुंद आणि पांढरी होती. तिच्यावर नणंद उभी राहायला शिकली. आधी खाडीच्या शांत पाण्यात, मग खोल समुद्रात लाटा फुटतात त्याच्याही पलीकडे. थंडी सरली आणि एका सकाळी बेताच्या लाटा आल्या. त्या दिवशी आम्ही दोघंही तिच्याबरोबर गेलो.

समुद्रावरचा एक नियम इथे सांगायला हवा, नाहीतर पुढचं कळायचं नाही. लाट जिथून फुटायला लागते, त्या जागेच्या सगळ्यांत जवळ जो असेल, त्याची ती लाट. बाकीच्यांनी थांबायचं. लाट घेऊन झाली की परत जाऊन सगळ्यांच्या मागे राहायचं. ज्याची लाट त्याची, दुसऱ्याला कुणी सोडत नाही. बाप मुलाला सोडत नाही, नवरा बायकोला सोडत नाही. या नियमावरूनच नणंदेत आणि वकिलात विस्तव जात नव्हता. वकील म्हणजे कोर्टातले वकील, पन्नाशीचे, पाण्यातही युक्तिवाद करणारे. कुठल्या तरी जुन्या लाटेवरून दोघांचं वाजलं होतं, आणि तेव्हापासून शेजारी शेजारी बसूनही त्यांनी एकमेकांशी शब्द बोललेला नव्हता.

ती वल्हं मारत आत गेली तेव्हा पाण्यात दहा-बारा जण आपापल्या फळ्यांवर बसलेले होते. बसलेल्या माणसांत ती एकटी उभी. झाडूवाली म्हणून कुणी चिडवेल अशी मला धास्ती होती. तसं काही झालं नाही. एक-दोघांनी हात वर केला. एक लाट आली, ती फुटणार त्या जागेच्या जवळचा माणूस सुरुवात करून थांबला आणि नणंदेनं ती लाट घेतली. गुडघे थोडे वाकवून, वल्हं पाण्यात टेकवून, सावकाश वळत ती किनाऱ्याच्या दिशेनं आली. मी वाळूवर उभी राहून टाळ्या वाजवल्या. ती परत गेली. पुन्हा लाट आली, पुन्हा कुणीतरी थांबलं, पुन्हा तीच आली.

“किती चांगली माणसं आहेत,” मी म्हटलं.

मी वळून बघितलं तर हे तोंडात मारल्यासारखे उभे होते.

“लाट सोडतायत तिला,” ते म्हणाले.

“मग चांगलंच की.”

“कुणी कुणाला सोडत नाही गं.”

मला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा मी वाजवलेल्या टाळ्या मलाच नकोशा झाल्या. तिनं ती दुसरी लाट अर्ध्यातच सोडून दिली होती. परत जाताना ती नेहमीपेक्षा हळू वल्हवत होती, आणि पाठमोरी असली तरी तिला आम्ही दोघंही ओळखतो.

मग समुद्रात लांबवर एक रेघ उठली. त्या सकाळची सगळ्यांत मोठी आणि नीटस लाट होती ती. ती फुटणार त्या जागेवर वकील बसले होते, अगदी बरोबर जागेवर. लाट त्यांची होती यात शंकाच नव्हती. वकिलांनी मागे बघितलं, फळी वळवली, पोटावर झोपले, हात पाण्यात घातले. मग त्यांनी नणंदेकडे बघितलं. ते उठून बसले आणि त्यांनी हातानं खूण केली, की घ्या, तुम्ही घ्या. दारात वाट देताना करतात तशी.

नणंदेनं वल्हं पाण्यात घातलं नाही.

लाट वकिलांच्या खालून गेली, तिच्या खालून गेली, मग उंच झाली आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुरेख फुटत आमच्याकडे आली. तिच्यावर कुणीच नव्हतं. एवढी चांगली लाट रिकामी आलेली ह्यांनी कधी बघितली नसावी. फेस आमच्या पायांपर्यंत आला आणि मागे गेला.

आणि मग नणंदेचा आवाज आला. इतक्या लांबून, इतक्या पाण्यावरून आला.

“तुमची होती ती, वकील! तुमची लाट होती! मला भीक घालू नका!”

इतक्या वर्षांनी ती त्यांच्याशी बोलली ती ही अशी. वकील मान खाली घालून बसून राहिले. मला ह्यांचा हात धरावासा वाटला आणि मी तो धरला. भुकटी नसलेला त्यांचा हात मला अनोळखी लागला.

पुढची लाट आली. ती मघाच्या लाटेपेक्षा लहान होती, आणि तीही वकिलांचीच होती. या वेळी त्यांनी बाजूला बघितलं नाही. पोटावर झोपले, हात मारले, उठले आणि नणंदेच्या इतक्या जवळून गेले, की तिला फळी मागे ओढावी लागली. त्यानंतर एक तरुण गेला. मग एक बाई गेली. नणंद आपल्या जागेवर उभी होती. पाणी खाली-वर होत होतं आणि ती पडत नव्हती.

बऱ्याच वेळानं तिच्या समोर एक लाट आली. लाट कसली, बाकीच्यांनी न घेतलेली उरलीसुरली होती, एका बाजूनं आधीच मोडलेली. पण फुटणार त्या जागेच्या सगळ्यांत जवळ तीच होती. तिनं दोनदा वल्हं मारलं, लाट घेतली आणि थोडी पुढे आली, तोवर लाट विरूनही गेली. पाणी सपाट झालं. नणंद क्षणभर डगमगली, तिनं वल्हं टेकून तोल सावरला.

तिच्याकडे कुणी बघितलं नाही. मीही टाळ्या वाजवल्या नाहीत.

तिनं फळी वळवली, दमानं वल्हवत परत आत गेली आणि सगळ्यांच्या मागे जाऊन उभी राहिली.